सुईला वाट दाखवणारी यंत्रे

शरीरात सुई घालणाऱ्या डॉक्टरला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. जिथे पोचायचे ती जागा नेमकी कुठे आहे, ही एक. आणि सुईचे टोक या क्षणी कुठे आहे, ही दुसरी. पहिलीचे उत्तर क्ष-किरणांनी लवकर दिले. रोंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये हे किरण शोधले आणि तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १८९६ मध्ये, बर्मिंगहॅमच्या जॉन हॉल-एडवर्ड्स या डॉक्टरने एका स्त्रीच्या हातात रुतून बसलेली सुई क्ष-किरण चित्रावरून शोधून दिली. चित्र पाहून केलेल्या अगदी पहिल्या शस्त्रक्रियांपैकी ही एक, आणि ती सुई बाहेर काढण्याची होती, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल. हॉल-एडवर्ड्सला मात्र या किरणांची किंमत मोजावी लागली. रोजच्या माऱ्याने हात सडत गेले आणि १९०८ मध्ये डावा हात कापावा लागला. सुई धरणारा हात किरणांच्या झोताबाहेर ठेवायचा, ही पुढच्या कित्येक उपकरणांमागची साधी निकड इथूनच सुरू होते.

महाराष्ट्रात चित्राच्या मदतीने सुई घालण्याची रीत रुळली ती क्षयरोगाबरोबर. नाशिकजवळचे देवळाली हवापालटासाठी नावाजलेले होते, पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. मिरजेच्या मिशन डॉक्टरांनी वानलेसवाडीला क्षयरोग्यांची सोय केली. औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि खाणेपिणे एवढाच उपचार. त्याला जोड मिळाली ती कार्लो फोर्लानिनी या इटालियन डॉक्टरने १८८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेची. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत सुईने हवा भरायची, फुप्फुस दबते, त्याला विश्रांती मिळते आणि त्यातली पोकळ जखम मिटू लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात भारतातल्या क्षयरोग आरोग्यधामांत ही नित्याची रीत होती. भरलेली हवा शोषली जाई, म्हणून ठरावीक दिवसांनी ती पुन्हा भरावी लागे आणि हे दोन-तीन वर्षे चाले.

या रीतीत सुईला दिशा देणारे साधन म्हणजे पाण्याने भरलेली काचेची नळी. दोन बरगड्यांमधून सुई आत गेली की ती या दाबमापकाला जोडलेली असे. टोक योग्य पोकळीत असेल तर रोग्याच्या श्वासाबरोबर नळीतले पाणी खालीवर डोलायचे. पाणी स्थिर राहिले तर टोक स्नायूत किंवा फुप्फुसाच्या ऊतीत अडकले आहे असे समजायचे आणि हवा सोडायची नाही. रक्तवाहिनीत हवा गेली तर रोगी जागीच दगावू शकतो. फुप्फुस किती दबले, कुठे चिकटून राहिले, हे हवा भरण्याआधी आणि नंतर क्ष-किरणाच्या पडद्यावर पाहिले जाई. म्हणजे चित्र होते, पण सुई आत जात असताना ते समोर नसे. त्या वेळी विश्वास फक्त पाण्याच्या डोलण्यावर. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागची औषधे आली आणि १९५० च्या दशकात ही रीत मागे पडली.

मेंदूच्या बाबतीत असा आधार मिळणे शक्यच नव्हते. कवटीत सुई गेली की ती दिसत नाही आणि तिथे दाबाने काही कळतही नाही. लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ले आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ मध्ये माकडांच्या मेंदूसाठी एक चौकट प्रसिद्ध केली. डोके पितळी चौकटीत घट्ट बसवायचे, लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन आकड्यांनी मेंदूतला कोणताही बिंदू सांगायचा आणि सुई त्या आकड्यांवर सरकवायची. माणसासाठी हे जमायला चाळीस वर्षे लागली, कारण माणसाच्या कवटीच्या बाहेरच्या खुणांवरून आतल्या भागाची जागा खात्रीने सांगता येत नाही. फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या मेंदूतल्या पोकळ्यांना खूण मानले आणि माणसासाठीची पहिली चौकट वापरली. दोनच वर्षांत स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी कमानीची चौकट आणली. तिची युक्ती भूमितीची होती: लक्ष्य कमानीच्या केंद्रावर आणून ठेवले की सुई कमानीवरच्या कोणत्याही जागेवरून घाला, ती केंद्रातच पोचणार. वाट बदलता येते, मुक्काम बदलत नाही. रक्तवाहिनी टाळून सुई न्यायची असेल तर ही सोय फार मोलाची ठरते. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याचे काम मुंबईच्या जसलोक रुग्णालयात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, त्यामागेही याच चौकटींची परंपरा आहे.

पोटातल्या आणि छातीतल्या सुईचे नशीब मात्र कोपनहेगनजवळच्या रुग्णालयांत पालटले. हान्स हेन्रिक होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच येन्स बांग व अॅलन नॉर्थेव्हेड यांनी १९७२ मध्ये सोनोग्राफीच्या प्रोबला मधोमध आरपार भोक पाडले. प्रोब पोटावर टेकवायचा, पडद्यावर लक्ष्य मधल्या रेषेवर आणायचे आणि त्याच भोकातून सुई सरळ आत सोडायची. ध्वनिलहरी आणि सुई एकाच वाटेने जात असल्याने चुकायला जागा उरत नाही. त्याच वर्षी फिलाडेल्फियात गोल्डबर्ग आणि पोलॅक यांनीही असाच प्रोब वर्णन केला. पुढे प्रोबच्या बाजूला अडकवायचा खोबणीचा दांडा आला. त्यात सुई एका ठरावीक कोनात बसते आणि यंत्राच्या पडद्यावर तिची वाट आधीच ठिपक्यांच्या रेषेने दिसते. स्त्रीबीज काढण्यासाठी योनीमार्गातून घालण्याच्या प्रोबवर हा दांडा आजही लावतात.

इतर कामांत मात्र बहुतेक रेडिओलॉजिस्ट तो दांडा काढून ठेवतात. एका हातात प्रोब, दुसऱ्या हातात सुई, आणि नजर पडद्यावर. यात सुई दिसण्याचीच अडचण असते. सोनोग्राफीचा पडदा शरीराचा एक पातळ काप दाखवतो, जाडी अवघी काही मिलिमीटर. सुई त्या कापाच्या पातळीत असेल तर ती पूर्ण लांबीची उजळ रेघ दिसते. थोडी तिरकी गेली की पडद्यावर दिसते ती सुईची मधली दांडी, आणि डॉक्टर तिलाच टोक समजून बसतो. टोक तोवर पुढे गेलेले असते. सुई लहरींना जितकी काटकोनाजवळ असेल तितकी ती स्पष्ट दिसते, सरळ खोल जाणारी सुई जवळजवळ अदृश्य होते. म्हणून सुयांच्या टोकाशी बारीक खाचा पाडून त्या लहरी परत फेकतील अशी व्यवस्था उत्पादकांनी केली. शिकाऊ डॉक्टरला सुई किंचित हलवून आजूबाजूच्या ऊतीची हालचाल पाहायला शिकवतात, तेही याचसाठी.

डेन्मार्कमध्ये भोकाचा प्रोब बनला तो गर्भजल परीक्षेसाठीही. गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयात सुई घालून थोडे पाणी काढायचे आणि त्यातल्या पेशींवरून गुणसूत्रांचे दोष पाहायचे. त्याच पेशी गर्भाचे लिंगही सांगतात. १९८० च्या दशकात मुंबईत ही परीक्षा मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी उघडपणे वापरली जाऊ लागली. स्त्री संघटना, डॉक्टर आणि वैज्ञानिक यांनी मुंबईत त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशातला असा हा पहिला कायदा. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तोवर सोनोग्राफीची चित्रे इतकी स्पष्ट झाली होती की लिंग सांगायला सुईची गरजच उरली नव्हती. कायद्याचे लक्ष म्हणून सुईवरून यंत्राकडे वळले आणि २००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफी यंत्र थेट त्याच्या कक्षेत आले.

उपकरणांच्या या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा सांगताना हे प्रकरण टाळता येत नाही, कारण सुईला दिशा देणारे सर्वांत स्वस्त आणि हाताळायला सोपे साधन या राज्यात एका सामाजिक गुन्ह्याचेही हत्यार होते. परिणामी यंत्राची नोंदणी लागते, ते कुठे ठेवले आहे आणि कोण वापरतो याची लेखी नोंद लागते, आणि २०१२ च्या नियमांनी हलवता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधने घातली. कोल्हापूर जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडले गेले. त्याविरुद्ध रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. हात-पाय बधिर करण्यासाठी मज्जातंतूजवळ सुई नेणाऱ्या भूलतज्ज्ञाला, किंवा मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालणाऱ्या अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरला गर्भाशी काहीच कर्तव्य नसते. तरी यंत्र त्याच नोंदवहीतले, म्हणून ते एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेता येत नाही. या जाचाबद्दलची डॉक्टरांची तक्रार अगदीच निराधार नाही. पण मुलींच्या घटलेल्या प्रमाणाचे आकडे डोळ्यांसमोर असताना कायदा सैल करायला सरकार राजी नव्हते, हेही समजण्याजोगे आहे.

हे कसब शिकवण्याची सूत्रे मात्र या काळात एका ठिकाणी आली. ३ जून १९९८ रोजी नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्या, त्यात रेडिओलॉजी आणि भूलशास्त्रही आले, नाशिकहून मिळू लागल्या. सोनोग्राफीत पाहून सुई घालणे हे एखाद्या मोठ्या रुग्णालयातले कसब न राहता पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून अपेक्षित असे काम होत गेले.

सोनोग्राफी हवेपुढे आणि हाडापुढे हतबल ठरते. फुप्फुसातली गाठ किंवा मणक्यातला डाग तिला दिसत नाही. तिथे सीटी स्कॅन लागते. पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ झाले आणि १९७६ मध्ये क्लीव्हलँडच्या जॉन हागा व राल्फ अल्फिडी यांनी सीटीवर पाहून सुईने तुकडा काढण्याची पद्धत वर्णन केली. भारतात ही यंत्रे बराच काळ मोठ्या शहरांपुरती होती. नाशिकच्या रुग्णाला त्यासाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठावी लागे.

सीटी आणि मेंदूची चौकट यांचा सांधा जुळवला तो युटा विद्यापीठातल्या रसेल ब्राउन या वैद्यकीय विद्यार्थ्याने, १९७८ मध्ये. अडचण अशी होती की सीटीच्या कापात दिसणारा बिंदू चौकटीच्या आकड्यांत कसा मांडायचा? काप नेमका कोणत्या उंचीवरचा आणि किती कललेला, हे चित्रावरून कळत नव्हते. ब्राउनने चौकटीला इंग्रजी एन अक्षराच्या आकाराच्या दांड्यांचे तीन संच जोडले. दोन उभ्या दांड्या आणि त्यांच्यामध्ये एक तिरकी. कापात प्रत्येक संचाचे तीन ठिपके उमटतात. मधला ठिपका वरच्या कापात एका कडेला, खालच्या कापात दुसऱ्या कडेला. तो दोन्ही कडांपासून किती अंतरावर आहे एवढे मोजले की कापाची उंची मिळते. तीन संचांवरून तीन उंच्या मिळतात आणि तीन बिंदूंनी पातळी निश्चित होते. एवढ्या साध्या भूमितीने चित्र आणि चौकट एका मोजपट्टीवर आली, आणि ब्राउन, रॉबर्ट्स व वेल्स यांच्या नावाची चौकट जगभर गेली.

चौकटीच्या जागी यंत्राचा हात आणण्याचा पहिला प्रयोग १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच येथे झाला. यिक सान क्वो आणि सहकाऱ्यांनी 'प्यूमा' हा कारखान्यातला रोबो सीटी टेबलाशेजारी उभा केला. तो सुईची नळी ठरलेल्या दिशेला धरून थांबे आणि डॉक्टर तिच्यातून मेंदूचा तुकडा काढी. कारखान्यासाठी बनलेले यंत्र माणसाच्या डोक्याजवळ वापरणे धोक्याचे, म्हणून तो मार्ग फार पुढे गेला नाही. मात्र 'दिशा यंत्राने धरायची, सुई हाताने ढकलायची' ही वाटणी टिकली. चेन्नईत २००५ मध्ये सुरू झालेल्या परफिंट या कंपनीने पोट आणि छातीसाठी 'रोबियो' आणि नंतर 'मॅक्सिओ' ही यंत्रे बनवली, ती याच तत्त्वावर. यंत्र सीटी टेबलाजवळच्या ठरलेल्या जागी जमिनीला पक्के बसवतात. सीटीची चित्रे त्यात येतात, डॉक्टर पडद्यावर त्वचेवरचा प्रवेशबिंदू आणि आतले लक्ष्य अशा दोन खुणा करतो. यंत्राचा हात येऊन त्या रेषेवर थांबतो आणि त्याच्या टोकाच्या नळीतून सुई किती आत न्यायची ते सांगतो. मलाया विद्यापीठ आणि रोममधल्या डॉक्टरांनी ही यंत्रे यकृत व फुप्फुसासाठी वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्राची मर्यादा श्वासाची: रुग्णाने चित्र घेताना जेवढा श्वास धरला होता तेवढाच सुई घालतानाही धरला, तरच रेषा खरी. यकृत आणि फुप्फुसाचा खालचा भाग एका श्वासात सेंटिमीटरने मापावे एवढा सरकतो.

महाराष्ट्रात डॉक्टर आणि अभियंता एका टेबलाशी बसवण्याचे प्रयत्न १९९१ च्या आर्थिक खुलेपणानंतर हळूहळू सुरू झाले आणि २०१४ च्या आसपास त्यांना संस्थेचे रूप आले. पवईच्या आयआयटीत राज्य सरकारच्या मदतीने बेटिक हे वैद्यकीय उपकरण केंद्र निघाले, त्याला पुणे आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची जोड होती.  

सुईचे सर्वांत चिवट काम त्याआधीच मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सुरू झाले होते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे; १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुशास्त्रज्ञांच्या हाती कशाला, असा प्रश्न तेव्हा सहज पडावा. त्या निर्णयामुळे मात्र कर्करोगाचे शल्यविशारद आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे अभियंते एकाच खात्याचे झाले. तुर्भ्याच्या अभियंत्यांना दूरचा हात बनवण्याचे वळण होते. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याच्या बंद कोठड्यांत माणूस जाऊ शकत नाही, म्हणून जाड काचेबाहेर उभे राहून आतल्या चिमट्यांना हालचाल देणारे हात त्यांनी वर्षानुवर्षे बनवले. त्या वळणातून केंद्राच्या रिमोट हँडलिंग आणि रोबोटिक्स विभागात मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठीचा रोबो आकाराला आला. टी. ए. द्वारकानाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे त्यावरचे लेख प्रसिद्ध आहेत.

या रोबोची रचना हातासारखी नाही. खांदा, कोपर, मनगट अशा एकामागून एक सांध्यांच्या हातात प्रत्येक सांध्याची चूक पुढच्यात मिळते आणि टोकाशी सगळी साचते. तुर्भ्याच्या यंत्रात खाली एक पाया, वर एक फलक, आणि दोघांना जोडणारे सहा पाय. पाय कमीजास्त लांब केले की फलक सरकतो, वळतो आणि कलतो. भार सहाही पायांवर वाटला जातो, चुका एकमेकींवर चढत नाहीत आणि यंत्र ताठ राहते. त्याची पोहोच मात्र हातापेक्षा कमी असते. कवटीच्या एका छिद्रातून एका दिशेला जाणाऱ्या सुईसाठी तेवढी पोहोच पुरते.

खरा गुंता नोंदणीत आहे. रुग्णाच्या डोक्यावर खुणेच्या टिकल्या चिकटवून एमआरआय किंवा सीटी काढतात. चित्रात त्या टिकल्यांची जागा कळते. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याच टिकल्या पुन्हा मोजायच्या आणि चित्र व खोली यांचे आकडे एकमेकांवर बसवायचे. जगभर हे काम डॉक्टर हातात टोकदार कांडी घेऊन एकेका टिकलीला स्पर्श करून करतात. टोकियोच्या वातानाबे यांनी १९८७ मध्ये सहा सांध्यांच्या मोजणाऱ्या हाताने हीच कल्पना मांडली होती. तुर्भ्याच्या गटानेही असा मोजणारा यांत्रिक हात बनवला आणि पुढे रोबोनेच टिकल्या शोधून नोंदणी आपली आपण करावी, इथपर्यंत काम नेले. २०१८ मध्ये त्यावर लेख आला. यातली फसवी गोष्ट अशी की टिकल्यांशी चूक अर्ध्या मिलिमीटरची निघाली म्हणजे आत खोलवरच्या गाठीशीही तेवढीच असेल असे नाही. टिकल्या एकाच बाजूला दाटीने लावल्या असतील तर दुसऱ्या टोकाची चूक कितीतरी मोठी होते. म्हणून त्या डोक्याभोवती पसरून, एका रेषेत न येतील अशा लावाव्या लागतात.

नोंदणी कितीही काटेकोर असली तरी कवटी उघडली की मेंदू खाली बसतो. आतले पाणी वाहून जाते, गाठीचा काही भाग निघतो आणि सकाळच्या एमआरआयमध्ये जिथे गाठ होती तिथे ती दुपारी राहत नाही. बारीक छिद्रातून तुकडा काढताना हा सरकाव थोडा असतो. मोठ्या गाठी काढताना तो सेंटिमीटरवर जाऊ शकतो. टाटा स्मारकच्या खारघर येथील अॅक्ट्रेक केंद्रात डॉ. अलियासगर मोईयादी आणि सहकाऱ्यांनी यासाठी शस्त्रक्रियेदरम्यानच मेंदूवर सोनोग्राफी करण्याची पद्धत अवलंबली आणि २०११ पासून त्यावर लेख लिहिले. प्रोबला दिशादर्शक खुणा जोडलेल्या असतात. तो मेंदूवरून हलकेच फिरवला की यंत्र त्रिमितीय चित्र बनवते आणि जुन्या एमआरआयवर ते ताजे चित्र बसवते. सोनोग्राफीला कवटीचे हाड पार करता येत नाही, पण या वेळी हाड आधीच बाजूला झालेले असते. रक्त साचले की चित्र पुसट होते आणि गाठ कापलेल्या कडेशी खोटी उजळी दिसते, म्हणून काम थांबवून, पोकळी खारट पाण्याने भरून, प्रोब पुन्हा फिरवावा लागतो.